एक बादलीत, एक दोरीवर

काकूंना मळ खपायचा नाही. लग्नाआधी सहा वर्षं त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात होत्या. रक्ताचा डाग गार पाण्यातच सोडायचा, गरम पाणी लागलं की तो कायमचा बसतो, हे त्या नव्या ओळखीच्या माणसालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळ्या होत. लग्न होऊन शेतावर आल्या आणि आल्या आल्या घरामागे दोन उंच खांब रोवून मागितले. नवरा म्हणाला, "अगं, गाई बांधायला खांब पुरत नाहीत आणि तुला चड्ड्या वाळवायला हवेत!" पण संध्याकाळच्या आत रोवून दिले. तोंडाने नाही म्हणायचं आणि हाताने करायचं, असा तो माणूस. असल्याशी संसार सोपा जातो, फक्त कान बंद ठेवता यायला हवेत.

घराला लागून त्यांच्या गाईंचं कुरण होतं. लांबलचक, सपाट, आणि टोकाला दगडी बांध. एका दुपारी त्या कुरणात पांढरंशुभ्र ग्लायडर उतरलं. इंजिन नाही, त्यामुळे आवाज नाही. हवेने वर उचलून धरणं सोडलं की बिचाऱ्याला समोर दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरावं लागतं. काकांना हे कुठलं माहीत? ते काठी घेऊनच धावले. आतून निघाला एकोणीस वर्षांचा काटकुळा पोरगा, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. त्याने आधी माफी मागितली, मग पाणी, मग फोन. मित्र गाडी घेऊन येईपर्यंत ओट्यावर बसून राहिला.

"काकू, तुमच्या कपड्यांमुळे वाचलो," तो म्हणाला.

"हिच्या कपड्यांशी तुझा काय संबंध रे?" काका कडाडले.

पोरगा कानापर्यंत लाल झाला. मग त्याने समजावून सांगितलं. उतरताना वारा समोरून असावा लागतो. पाठीशी असला तर विमान थांबतच नाही, घसरत जाऊन बांधावर आदळतं. आणि वारा काही वरून दिसत नाही. दोरीवरची चादर मात्र दिसली, कुठल्या बाजूला फडफडते तेही दिसलं; ती फुगते त्याच बाजूने उतरत यायचं.

त्या दिवसापासून निळ्या चौकड्यांची ती चादर ग्लायडर उडण्याच्या दिवसांत दोरीवर असायचीच. वैमानिकांनी एकमेकांना सांगितलं आणि काकूंचं नाव पडलं, चादरवाल्या काकू. "विमानतळ काढलाय आमच्या हिने," काका येईल त्याला सांगत, कपाळाला आठ्या घालून आणि आतून फुलून. चष्मेवाला नऊ वर्षांत चार वेळा कुरणात उतरला आणि एकदा बिनविमानाचा, नुसताच गाडी घेऊन आला. का, तर नोकरी लागली हे काकांना सांगायला. काका म्हणाले, "मग आता तरी जमिनीवर राहा."

काका गेले ते गोठ्यातच, दूध काढता काढता. काकूंनी त्यांचे शर्ट दोन महिन्यांत वाटून टाकले. दोरीवर ते बिनमाणसाचे हात हललेले बघवेनात. मग धुणंही आटलं. एका माणसाचे कपडे ते किती! आठवड्यातून एक बादली झाली तरी खूप.

आणि त्याच वर्षी तो दिवस आला. चादर धुळीने काळवंडली होती. काकूंनी ती काढून साबणाच्या पाण्यात भिजत घातली. आकाशाकडे एकदा पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "तासाभरात कोण कडमडतंय इथे?" पूर्वी चादर बादलीत असली तरी काकांचे दोनचार शर्ट दोरीवर असायचेच. आता काहीच नव्हतं. घरात दुसरी चादर नव्हती असं नाही. सुचलं नाही, इतकंच. आणि दुपारी वारा फिरला होता.

आवाज झाला तेव्हा त्या चादर चोळत होत्या. धावत गेल्या. ग्लायडरचं नाक बांधात घुसलं होतं. काकूंनी आपला स्वेटर काढून पोराच्या डोक्याखाली दिला. चष्मा कुठे उडाला होता कोण जाणे. पण त्याने त्यांना ओळखलं.

"काकू," तो म्हणाला, "दोरी रिकामी होती."

तक्रार नव्हती त्यात. आज दूधवाला आला नाही म्हणावं, तसं म्हणाला. इस्पितळाची गाडी पोचायच्या आत गेला. काकूंनी स्वेटर गार पाण्यात घातला. डाग पूर्ण निघाला, आणि तो निघाला याचंच त्यांना रडू आलं.

पंधरा दिवसांनी त्याची आई जागा बघायला आली. सडपातळ बाई, नाकावर तसाच जाड चष्मा. बांधापाशी उभी राहिली, मग घरात आली. काकूंनी पाणी दिलं.

"तुम्ही होतात ना जवळ? काही बोलला?"

खोटं बोलता आलं असतं. तुमचं नाव घेतलं म्हणाला असता कोणीही. काकूंच्या ओठांवर ते आलंही होतं. पण डाग झाकणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. त्यांनी सगळं सांगितलं. बादली, साबण, तासाभरात कोण कडमडतंय म्हणाल्या तेही. आई ऐकत राहिली. मग पाण्याला हात न लावता उठली आणि गेली.

त्यानंतर काकूंनी चादर दोरीवर घातली ती काढलीच नाही. थंडीत नाही, पावसात नाही. चौकड्या दिसेनाशा झाल्या, कड फाटून लोंबायला लागली, चादरीचं पार पोतेरं झालं. मळ न खपणारी बाई रोज सकाळी ते पोतेरं बघायची आणि हात आवरायची. धुवायला काढली की दोरी रिकामी होते, एवढंच डोक्यात बसलं होतं. दुसरी घालावी हे सुचायला डोकं ठिकाणावर असावं लागतं.

वर्ष झालं. उडण्याचे दिवस परत आले. एका सकाळी ती आई पुन्हा फाटकात उभी होती, हातात पिशवी घेऊन. दोरीकडे बघून म्हणाली, "ही धुवत नाही तुम्ही?"

"नाही हो. धीर होत नाही."

आईने पिशवीतून एक चादर काढली. पिवळी, उशीच्या बाजूला जरा तेलकट. "त्याच्या पलंगावरची आहे. वर्षभर तशीच ठेवलीय. मला धुववत नाही." तिने एकदाच चादरीत तोंड खुपसलं, मग ती काकूंच्या हातात दिली. "तुम्ही धुवा. ही घाला, मग तुमची काढा. एक बादलीत असली की दुसरी दोरीवर हवी."

 काकूंनी बादली आणली, तिच्यात चादर ठेवली आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. शेवटी आईनेच त्यांच्या मनगटाला हात लावला आणि तांब्या कलता केला.

धुऊन झाल्यावर दोघींनी दोन टोकं धरून चादर पिळली, झटकली आणि जुनीच्या शेजारी घातली. मगच काकूंनी जुनी खाली काढली. ओली पिवळी चादर आधी जड लोंबत राहिली, मग हळूहळू घराच्या बाजूला फुगली.

"म्हणजे आज कुठून उतरायचं?" आईने विचारलं.

काकूंनी हात लांब करून घराची बाजू दाखवली. आई तिकडे आकाशात बघत उभी राहिली, आणि काकू जुनी चादर भिजवायला बसल्या.