घुमायला

"काका, पप्पा सुबह शांत हो गए." प्रल्हाद महाजनच्या जावयाचा फोन होता, आणि बऱ्हाणपूरकडे उभा जन्म काढलेल्या मी उत्तर दिलं, "चला, देव पावला! आता दुपारपर्यंत कुणी उठवू नका त्याला." पलीकडून जावई हळूच म्हणाला, "काका, गुज़र गए." इकडच्या हिंदीत माणूस गेला की 'शांत' होतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात जाऊन आलो होतो. खाटेवर पडल्या पडल्या प्रल्हादने सलाईनचा स्टँड पाडला होता, वॉर्डबॉयची कॉलर धरली होती आणि 'उद्या फेरी चुकली तर तुझी खैर नाही' असं डॉक्टरला बजावलं होतं. हा माणूस शांत झाला म्हटल्यावर औषध लागू पडलं, एवढंच मला सुचलं. आता महिना उलटून गेला, तरी तो शब्द मला त्याच्या नावापुढे बसवता येत नाही.

आमची ओळखही अशाच एका शब्दावरून झाली. कऱ्हाडजवळच्या खेड्यातून मी इकडच्या कागदाच्या कारखान्यात नोकरीला आलो. प्रल्हाद इथलाच, तापीकाठच्या केळीवाल्यांच्या घरातला. भुसावळच्या पलीकडचा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी पुण्याचा, म्हणून मी पहिल्या दिवसापासून 'पुनेवाला'. पाळी सुटल्यावर तो म्हणाला, "ए पुनेवाल्या, संध्याकाळी घरी ये. मी अन् सुमन रोज घुमायला जातो, तूबी चाल." आमच्याकडे घुमतात ते अंगात आल्यावर. गावच्या देवळात केस मोकळे सोडून, हूंऽऽ हूंऽऽ करत घुमणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिलेल्या. नवरा-बायको दोघं, आणि तेही रोज! पण नव्या जागी नाही कसं म्हणायचं? मी नारळ घेतला, लिंबं घेतली, हळदकुंकवाची पुडी घेतली आणि अनवाणी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते दोघं पायात बूट घालून तयार.

"हे काय रे भो?"

"देवीचं... तुम्ही घुमणार ना?"

"अरे, तलावावर चक्कर माराले जायचंय! हा नारळ काय कोनाच्या टाळक्यात फोडू?" असं म्हणत त्याने तो नारळ पायरीवर असा आदळला की पाणी माझ्या तोंडावर उडालं. सुमनवहिनी हसत हसत उंबऱ्यावरच बसल्या. त्यानंतर वर्षानुवर्षं, फिरायला निघताना माझ्याकडे बघून त्या मान घुमवत 'हूंऽऽ' करायच्या. मी रागावल्याचं सोंग करायचो आणि मनातून मला ते आवडायचं.

प्रल्हादचा राग मात्र सोंगाचा नव्हता. कारखान्यात त्याने मुकादमाला जेवणाचा डबा फेकून मारला होता, वरणासकट. शेतात घुसलेल्या रानडुकराच्या मागे तो विळा घेऊन धावला आणि डुकरानं त्याची मांडी फाडली, तर टाके घालताना शिव्या डुकराला न देता सुई धरणाऱ्याला दिल्या. मी त्याची भांडणं सोडवायला जायचो आणि मार खाऊन यायचो. एकदा तापीच्या राजघाटावर तर दोन्ही पक्षांनी मलाच झोडपलं. प्रल्हादने चुकून आणि समोरच्याने खात्रीने. अशा माणसाच्या हाताला बारीक काम जमत असेल, असं कुणाला वाटेल? पण सुमनवहिनींना लकवा मारला, उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणंही गेलं, तेव्हापासून त्यांची वेणी तोच घालायचा. रोज संध्याकाळी, घुमायला निघायच्या आधी. तीन पेड, ताणून घट्ट, टोकाला गाठ. दाताखाली रिबीन धरून तो वेणी घालत असताना कुणी हसलं तर त्याची काय गत झाली असती, ते विचारायची माझी कधी छाती झाली नाही. वहिनींजवळ उरला एकच आवाज, हूं. होकाराला हूं, नकाराला हूं, आणि मला चिडवायलाही तोच.

चाकाची खुर्ची आली आणि भांडणाला खरं तोंड फुटलं. त्याच सुमारास तलावाभोवती बगिचा झाला, सपाट रस्ता झाला, बाकं बसली. फाटकावर पाटी लागली: 'सब के लिए आसान सैर'. आणि त्याच पाटीखाली ठेकेदाराने लोखंडी पाइपांचं नागमोडी कुंपण रोवलं. माणूस अंग चोरून जाईल, पण म्हैस आणि मोटारसायकल अडेल असं. त्यात खुर्चीही अडली. पहिल्या दिवशी आम्ही ती तिरकी करून पाहिली, उचलून पाहिली. मी मागून जोर लावला तो इतका नेमका, की वहिनी पाइपावर आपटल्या आणि कपाळाला टेंगूळ आलं. प्रल्हादने आधी माझ्याकडे बघितलं, मग पाइपाकडे. तेवढ्या वेळात मी तीन कुलदैवतांना नवस बोललो. त्याने पाइप निवडला.

ठेकेदाराकडे आम्ही कितीदा गेलो! तो म्हणायचा, "बाउजी, माताजी को बाहर बेंच पे बिठा दो, हवा तो वही है." तिसऱ्या-चौथ्या खेपेला हे वाक्य पुरं व्हायच्या आत टेबल उलथलं. दुसऱ्या दिवशी भर सकाळी प्रल्हाद शेतावरचा घण घेऊन फाटकावर आला. मला राखणीला उभं केलं, चौकीदार दिसला तर खोकायचं. चौकीदार आला. मी खोकायच्या ऐवजी सवयीने म्हणालो, "रामराम. पाइप तोड रहे हैं, दो मिनट रुकिए." तो बिचारा खरंच थांबला! आणि त्याने जे पाहिलं ते पाहून पुढेही येईना. घण डोक्यावरून फिरत होता, लोखंड किंचाळत होतं, सिमेंटचे तुकडे गोळ्यांसारखे सुटत होते. एक माझ्या गालाला लागून रक्त आलं. प्रल्हादच्या तळव्यांची कातडी सोलवटून दांडा लाल झाला होता आणि प्रत्येक घावाला तो ओरडत होता, "सब के लिए! सब के लिए!" सगळे पाइप निघाले, एक बुडाशी तुटला. वीतभर खुंट जमिनीतच राहिला. तो ठोकून ठोकून बोटभर उरला, पण निघेना. प्रल्हाद थुंकला आणि म्हणाला, "राहू दे मायचा खुट्टा!"

त्या संध्याकाळी खुर्ची आत गेली. डावं चाक खुंटावर चढलं, हिसका बसला, प्रल्हाद म्हणाला, "मायचा खुट्टा!" आणि वहिनींच्या तोंडाची चांगली बाजू हसली. मग तेच रोजचं झालं. हिसका, शिवी, हसू आणि पुढे तलावाची पुरी फेरी. जैनाबादहून एक आंधळे मास्तर लेकीच्या हाताला धरून यायचे, तेही खुंटाशी काठी टेकवून विचारायचे, "महाजन, आजची शिवी झाली का?"

पण जिथून खुर्ची जाते, तिथून मोटारसायकलही जाते. पोरं वेगात आत घुसायला लागली. ठेकेदार म्हणाला, "देखा?" प्रल्हादने कायदा केला: "चाक आत येईल, इंजिन येनार नाही." रोज संध्याकाळी फेरीच्या आधी तो थोडा वेळ त्या मोकळ्या जागेत हात पसरून उभा राहायचा. कित्येकांना त्याने कॉलर धरून उतरवलं, एकाची गाडी सरळ तलावात ढकलली. शेवटच्या संध्याकाळी दोघं एका गाडीवर आले. थांबले नाहीत. हाही हलला नाही. हँडल त्याच्या बरगडीखाली बसलं, तो उडून रस्त्यावर आपटला, गाडी घसरत बाकावर गेली. मी खुर्ची धरून उभा होतो. वहिनींच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी आधी ऐकला नव्हता. प्रल्हाद उठला, पडलेल्या पोराला उभं केलं, हातपाय शाबूत आहेत ना ते चाचपून पाहिलं, आणि मग त्याच्या कानाखाली अशी काढली की झाडावरचे बगळे उठले. मग मला म्हणाला, "सोड खुर्ची. फेरी व्हायचीय." मी दवाखान्याचं म्हणालो तर माझ्यावरही हात उगारला. तो पूर्ण तलाव फिरला, पोट दाबून, खुर्चीवर भार टाकून. फाटकावर परत येताना खुंट आला, हिसका बसला, त्याने तोंड उघडलं... आणि शिवीच्या जागी रक्त आलं. आत प्लीहा फाटली होती, डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर दोनच दिवसांनी चौकीदाराचा निरोप आला: ठेकेदाराचे लोक पाइप जोडायला आलेत. मी वहिनींना सांगायला गेलो, म्हणजे सांगणार नव्हतो, पण माझं तोंड तुम्हाला आता माहीतच आहे. त्यांनी डाव्या हाताने चाक ढकललं, डाव्या पायाने दिशा धरली. मी मागे धावलो. फाटकावर नवे पाइप पडले होते, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. वहिनींनी खुर्ची थेट त्या मोकळ्या जागेत घातली. ठेकेदार म्हणाला, "माताजी, हटिए, जल जाओगी." आणि मला म्हणाला, "हटाओ इनको." त्याने खुर्चीला हात लावला मात्र, वहिनींनी त्याच्या मनगटात दात रुतवले.

मग त्या घुमल्या. हूंऽऽ. आधी खालच्या सुरात, मग चढत, मग अशा की तलावापलीकडची माणसं थबकली. वेणी घालणारा नव्हता, म्हणून केस मोकळे होते, ते गरगर फिरत होते, ओठावर ठेकेदाराचं रक्त होतं, डावी मूठ खुर्चीच्या दांड्यावर घणासारखी पडत होती. वेल्डिंग करणारा इच्छापूरकडचा, देवीच्या गावचा होता. त्याने हातातलं सगळं टाकलं आणि जमिनीवर डोकं टेकलं. "माय, चुकी झाली! साहेब, मी नाही जोडनार. तुम्ही जोडा, तुमचं घर बुडू द्या." त्याचा साथीदार केव्हाच पळाला होता. ठेकेदार मनगट धरून पांढराफटक. चौकीदार माझ्या कानात म्हणाला, "नारियल! जल्दी!" आणि मी, तोच मी, कोपऱ्यावरच्या दुकानाकडे नारळासाठी पळत सुटलो. हळदकुंकूही आणलं. ह्या खेपेला मात्र कुणी हसलं नाही.

पाइप परत गाडीत भरले गेले, ते अजून आलेले नाहीत. अंगात आलं होतं की राग होता? मी वहिनींना विचारलं. त्यांनी माझ्या हातातल्या नारळाकडे पाहिलं, मान जरा घुमवली, आणि चांगल्या बाजूने म्हणाल्या, "हूं."

आता संध्याकाळी खुर्ची मी ढकलतो. वेणी घालायचा प्रयत्न केला, तिची गाठ सोडवायला शेजारच्या बाई आल्या. केस मोकळेच राहतात. इंजिनवाले दुरून बघून गाडी वळवतात. तो खुंट तसाच आहे, चाकांनी घासून आता चकाकतो. पहिल्या दिवशी डावं चाक त्यावर चढलं, हिसका बसला आणि मी सभ्यपणे पुढे निघालो, तर वहिनींनी चाक धरून खुर्ची अडवली. मला कळेना. मास्तर काठी टेकवून मागे उभे होते. वहिनी खुंटाकडे बघत होत्या, वाट बघत होत्या... मी आजूबाजूला पाहिलं, घसा साफ केला आणि शक्य तितक्या कऱ्हाडी मराठीत म्हणालो, "मायचा खुट्टा."

"जोरात," मास्तर म्हणाले.

ओरडलो. मग चाक सुटलं.