माझ्या नावाचे पान

माझ्यासारख्याने लिहायला बसावे हे धारिष्ट्यच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अक्षर गिरवले नाही, आणि कॉलेजात शिकतो म्हणून मला लिहिता येते असेही नाही. वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. पण मनात राग साचला आहे, प्रार्थना करूनही तो पुरता जात नाही, म्हणून लिहितो.

मी भातकुलीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. अमरावतीला मिशनच्या शाळेत शिकताना ख्रिस्ती झालो. बाप्तिस्म्याची बातमी गावात पोचली तशी वडिलांनी कणकेचा पुतळा करून माझ्या नावाने जाळला. तेव्हा कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. आमच्या बैलांच्या शिंगांवरसुद्धा चांदी चढली होती. त्याच पैशातून माझे तेरावे झाले आणि सगळे गाव बुंदी जेवले. ज्या घरात माझ्या पाटीला पैसा निघत नव्हता, तिथे माझ्या मरणाला बुंदी निघाली!

पाद्री साहेब म्हणाले, दुःखातही आनंद माना, धीर धरा. मला त्यांचाही राग आला. त्यांची आई त्यांना विलायतेहून पत्रे लिहीत असे. माझी आई मात्र दर भाद्रपदात, पितरांच्या दिवशी, माझ्या नावाचे पान वाढून छपरावर ठेवी. मामांनी हे मला सांगितले होते. आईच्या हातचे अन्न, माझ्याच नावाने, आणि खाणार कावळे.

मामांकडून हे ऐकले त्या दिवशी मी मिशनमध्ये जेवायला बसलो नाही. तिथे स्वयंपाक करणारी म्हातारी चांदूर बाजारकडची होती. ख्रिस्ती झाली म्हणून तिच्याही मुलांनी तिचे दिवस घातले होते. मी का जेवत नाही ते ऐकून ती हसतच सुटली.

"माह्या बी नावानं पोरं खीर रांधतेत," ती म्हणाली. "मेलीले खीर अन् जितीले भाकर. खाय बाबू. मेल्यावर बी भूक लागून राहिली आपल्याले."

मला हसू आले नाही, पण भाकर खाल्ली. हीच बाई रोज संध्याकाळी त्याच मुलांची नावे घेऊन देवाजवळ त्यांचे बरे मागे आणि मग जात्यावर गात बसे. तिचा आनंद मला पटत नसे. पण तो खोटा नव्हता, हे दिसत होते. तिचे पाहून मीही वडिलांचे नाव प्रार्थनेत घेऊ लागलो. दात आवळून घेत असे. धीर म्हणतात तो माझ्या वाट्याला एवढाच आला.

पुढे मुंबईला कॉलेजात गेलो. यंदा नाताळात अकोल्याला आगगाडीतून उतरलो, तर बाजारात कापसाच्या गाड्यांपाशी मामा दिसले. भाव उतरला म्हणून ते करवादलेले होते. आधी लांबूनच बोलले. मग जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"औंदा तुह्या मायनं छपरावर तुह्यं पान ठेवलं नाई," ते म्हणाले. "तुहा बाप लई भडकला. तं माय म्हने, माह्यं लेकरू जितं हाय. आलं तं त्याले वसरीत वाढीन, पन कावळ्याले नाई वाढनार."