चुलीच्या मातीतली राख

ओल्या मातीत राख मिसळल्याचा वास आला की मला एका जागी बसवत नाही. सिरॅमिकमध्ये तंतू घालून केलेल्या माझ्या पट्ट्या प्रयोगशाळेत काचेसारख्या तटकन तुटत होत्या, म्हणून वैतागून मी अमडापूरला घरी आले होते. शेजारची मावशी चुलीच्या मातीत बकरीचे केस कालवत होती, पण आधी त्यांना राख चोळत होती. "राख काऊन वं मावशी?" मी कारण विचारलं. "नाही त माती केसाले घट्ट धरते, मंग दोघंही संगच तुटतेत. राखेनं केस जरासे सरकतेत. चूल तडकते, पण ढासळत नाही." आणि मी पकड बसावी म्हणून तंतू धुऊन लख्ख करत होते! त्याच दुपारी परतीची बस धरली, तंतू जरासे सरकावेत म्हणून त्यांना लेप दिला, पट्ट्या टिकल्या. परवा विद्यार्थिनीनं विचारलं, लेप कसा सुचला? "वाचनातून," मी पटकन म्हणून गेले.