तो लाल ठिपका कोणाचा?

मोताळ्याजवळच्या माझ्या माहेरच्या गावात अकरा शेतकऱ्यांच्या मोटरी एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर चालतात. सगळ्या एकदम सुरू झाल्या की फ्यूज उडतो, म्हणून त्यांनी पाळ्या लावलेल्या. माणसं अशी पाळी का पाळतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. कम्प्युटरवर मी त्याचं मॉडेल केलं होतं: अकरा ठिपके, पाळी पाळणारे हिरवे, मोडणारे लाल.

हौसेनं मी ते समाजमंदिराच्या भिंतीवर गावाला दाखवलं. दरवेळी डीपीपासून सर्वांत लांबचा, कमी दाबाची वीज मिळणारा ठिपका आधी लाल व्हायचा, मग बाकीचे. एकेक मान मागे वळली. शेवटच्या वावराचे मालक उभे राहिले. लहानपणापासून मी त्यांना काका म्हणते.

“पोरी, तो लाल म्हंजे मी काय?”

“नाही काका, तो कोणीच नाही. नुसतं गणित आहे.”

“शेवटचं वावर माहंच हाये. कोनीच नाही कसा?”

ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी लाईन येताच त्यांनी पाळी नसताना मोटर सुरू केली. तासाभरात सगळ्यांनी केल्या. फ्यूज उडाला. मॉडेलनं सांगितलं तसंच झालं. पण मॉडेलमध्ये एक गोष्ट नव्हतीच: ते दाखवणारी मी.

फ्यूज बसवेपर्यंत दुपार झाली. माफी मागायला मी काकांच्या वावरात गेले, तर समोरून डीपीजवळच्या वावराचे मालक येत होते. त्या दिवशी पाळी याच मालकांची होती. हातात फावडं. काकांनी हातातली नळी खाली टाकली. मध्ये पडावं की पळावं, मला सुचेना.

डीपीजवळचे मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थांबले.

“हरभऱ्याले किती घंटे लागते तुह्या?”

काकांनी फावड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “दोन.”

“घे चालू करून. माही मोटर बंद हाये.”

परतताना मी त्या मालकांना गाठलं. “तुम्ही पाळी का सोडली?”

“काऊन म्हंजे? रोज याच धुऱ्यावरून जा लागते मले.”

पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुण्यात माझ्या मार्गदर्शकांनी विचारलं, “पाळी सोडणारा हा माणूस कोणत्या नियमानं वागला? तो मॉडेलमध्ये घाला.” मी महिनाभर खटपट केली. जमलं नाही. शेवटी प्रबंधात घडलं तसं लिहून दिलं.

काका अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.