खुशालरावांच्या चकऱ्यांना लावलेलं तेल

खुशालरावांच्या घरात नवा माणूस आला की आधी दचकतो. समोरच्या भिंतीवर ना देवाची तसबीर, ना लग्नाचा फोटो. नुसते खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला दोरीनं लटकलेली एक चकरी. हल्लीची मुलं यो-यो म्हणतात, तीच. बहिरमच्या जत्रेतल्या लाकडी, लाखेच्या रंगाच्या, बाजारातल्या प्लॅस्टिकच्या, आणि मुलानं, शिवमनं, ऑनलाइन मागवून दिलेल्या चकचकीत मेटलच्या. अकोटच्या जिनिंगमध्ये हा माणूस जन्मभर फिटर होता. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात, यानं भिंतीला खिळे ठोकले. मी शेजारीण. शाळेत बाई होते, त्यामुळे तोंडावर बोलायची खोड. "भाऊ, नातवाच्या आधीच खेळणी जमवून राहिले का?" असं मी विचारायची. ते चिडायचे नाहीत. एक चकरी काढून सरळ माझ्या बोटात फास अडकवायचे.

"हे लाकडाची पाहा, बाई. खाली जाते तवा बोटाले खरखर लागते, पन वर आली का थेट तळहातात टपकन बसते. इमानदार आहे. हे प्लॅस्टिकची, गेली काय अन् आली काय, पत्ताच लागत नाही. अन् हे मेटलची खाली जाऊन झोपते, जागच्या जागी फिरत राहते, बाप्पा! तिची गुणगुण दोरीतून बोटाले समजते. ते जराशी कमी झाली का झटका द्याचा, उशीर केला का वर येत नाही."

मला कधी काही समजलं नाही. माझ्या हातून चकरी खाली जायची ती तिथंच लोंबकळत राहायची. पण त्यांच्या मधल्या बोटात जणू कान होता. दोऱ्यासुद्धा ते स्वतः कापसाच्या वळायचे, विकतची दोरी बोटाशी बोलत नाही म्हणायचे. तसा माणूस विसराळू. अलीकडे तर चालता चालता पायातली चप्पल निघून जायची आणि हे एका पायानं अनवाणी दुकानापर्यंत पोचायचे. गल्ली हसायची, तेही हसायचे.

गेल्या वर्षी शिवमचं लग्न झालं. सून पौर्णिमा अचलपूरकडच्या शेतकरी घरातली. कामाला वाघ, बोलायला मात्र मोजकी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तिच्या माहेरी विळा, वखराची पास, कुऱ्हाड, सगळं धुऊन, तेलाचा हात फिरवून, हळदकुंकू लावून पूजतात. आमच्याकडेही पूजतात, पण सासऱ्याचे पाने-पक्कड कधीच भंगारात गेले होते. मग या पोरीनं काय करावं? सासरे मोझरीला गेलेले पाहून भिंतीवरच्या सगळ्या चकऱ्या उतरवल्या. पाटावर मांडल्या. फूल वाहिलं, कुंकू लावलं आणि एकेकीच्या आसाला बोटानं तेल चोपडलं. दोऱ्यांनाही.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटायला मी त्यांच्याकडे गेले, तर दारातच ओरडणं ऐकू आलं. खुशालराव ओरडू शकतात हेच मला तोवर माहीत नव्हतं. मी आपट्याची पानं हातात धरून थिजले.

"मारून टाकल्या! साऱ्याच्या साऱ्या मारून टाकल्या! तेल पिली चकरी वर येत असते काय?"

पौर्णिमा पांढरीफटक पडून उभी होती. "मामाजी, आमच्या इकडं हत्याराले तेल लावतात," एवढंच ती म्हणाली. "तुमचं हत्यार तर हेच हाय ना."

त्यांनी ऐकलंच नाही. सणाचं ताट तसंच झाकून राहिलं. पुढचे काही दिवस पोरगी चकऱ्या पुसत बसली. पेट्रोलनं पुसल्या, उन्हात ठेवल्या, जुन्या दोऱ्या काढून सासऱ्यानंच वळलेल्या नव्या लावल्या. खुशालराव रोज एकेक टाकून बघायचे. चकरी खाली जायची, ते झटका द्यायचे, ती अर्ध्यावर येऊन लुळी पडायची. "गेली," म्हणायचे आणि खिळ्याला परत लावायचे. शेवटी पौर्णिमानं माहेरी जायची पिशवी भरली. शिवम मधल्यामध्ये सुकत चालला. मला राहवेना. वाळलेल्या लाकडाला तेलाचा एवढा काय शाप?

माझ्या घरी टीव्हीवर एक लाल, लाकडी चकरी आहे. मी निवृत्त झाले तेव्हा त्यांनीच दिलेली. तिला तेल सोडा, कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. म्हटलं, निदान हिच्यानं तरी म्हाताऱ्याचा पारा उतरेल, पोरगी थांबेल. नेऊन हातात दिली. त्यांनी फास अडकवला आणि टाकली. झटका दिला, पण केव्हाच उशीर झाला होता. परत टाकली. परत. दोरी बोटात रुतत होती, ते जोर वाढवत होते.

"हेही मेली," ते म्हणाले. "इले कोनं तेल लावलं, बाई?"

हिला तेल लागलेलंच नव्हतं. तेवढ्यात पौर्णिमा किंचाळली. त्यांच्या पांढऱ्या धोतरावर टपटप लाल डाग पडत होते.

"मामाजी, रक्त!"

खुशालरावांनी इकडं तिकडं पाहिलं. आमच्या दोघींच्या हातांकडं पाहिलं. मग विचारलं, "कोनाचं?"

ते एका शब्दाचं विचारणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. दोरीनं मधलं बोट चिरलं होतं, आतलं मांस दिसत होतं, आणि त्या माणसाला मुंगी चावल्याइतकंही कळलं नव्हतं. पौर्णिमानं पदर फाडून बोट बांधलं. ते बांधलेल्या बोटाकडं दुसऱ्याच्या वस्तूकडं बघावं तसे बघत होते.

अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि डोक्याला हात लावला. साखर कितीतरी वर्षं मुरलेली. पाय आधीच बधिर झाले होते, आता बोटांची पाळी. गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही म्हणाले. येताना एसटीत मला त्यांच्या पायातून निघून जाणाऱ्या चपलाच आठवत होत्या.

बोट भरून आलं तेव्हा एका सकाळी खुशालरावांनी मला आणि सुनेला बोलावलं. लाल चकरी घेतली. फास पौर्णिमाच्या बोटात अडकवला.

"टाक."

तिनं टाकली, चकरी लोंबकळली. "हात सैल सोड. घाबरू नोको." दोनतीनदा फसली. मग एकदा सर्रकन वर आली आणि तिच्या तळहातात बसली. पोरगी दचकलीच.

"कशी लागली?" त्यांनी विचारलं. "बोटाले कशी लागली, सांग मले."

पौर्णिमानं डोळे मिटून पुन्हा टाकली. "खाली गेली का खरखर करते, मामाजी. अन् वर येते तवा... वासरानं हात चाटावा तशी लागते."

खुशालराव भिंतीला टेकून बसले. "हो," ते म्हणाले. "तशीच लागत होती."

मग त्यांनी दोन्ही हातांनी चाचपत खिळ्यावरची दुसरी उतरवली आणि तिच्यापुढं धरली.