पंखा काढलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात सगळ्यात जास्त आवाज करायचा तो माझा कॉम्प्युटर. घाटकोपरला दुसऱ्या मजल्यावर वन रूम किचन. एका भिंतीला आईचा पलंग, समोरच्या भिंतीला माझं टेबल, आणि मध्ये खुर्ची मागे सरकेल एवढीच जागा. तिथे बसून मी आर्किटेक्ट लोकांसाठी अजून न बांधलेल्या घरांची चित्रं बनवतो. ऐसपैस हॉल, पांढरे पडदे, खिडकीभर आकाश. असं एक चित्र तयार व्हायला प्रोसेसरला तासभर राबावं लागतं. तो तापतो, आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुरघुरायला लागतो.

आईची नजर काचबिंदूने गेली. आता तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो. तेव्हापासून मी नोकरी सोडून घरूनच काम करतो. सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक आणि आईची अंघोळ उरकून जातात. पुढचा सगळा दिवस आम्ही दोघंच. दर दहा मिनिटांनी पलंगावरून प्रश्न येतो, "आहेस ना रे?" मी म्हणतो, "आहे गं." दिवसातून किती वेळा, ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं. मोजलं की चिडचिड वाढते.

पंखा घुरघुरत असला की मात्र ती विचारायची नाही. मशीन चालू म्हणजे मी टेबलावर, असा तिचा हिशेब असणार. हे माझ्या लक्षात आलं आणि एका दुपारी मी एक चित्र तयार व्हायला लावून दिलं, चपला हातात घेतल्या आणि सटकलो. लॅचचा खटका वाजू नये म्हणून दार नुसतं लोटून घेतलं. खाली कोपऱ्यावर कटिंग चहा घेतला, बंद दुकानाच्या पायरीवर अर्धा तास बसलो, परत आलो. बस, एवढंच. कुणाला भेटलो नाही, काही घेतलं नाही. पण त्या अर्ध्या तासात मला कुणीही काही विचारलं नाही. मग आठवड्यातून तीन-चार वेळा हे सुरू झालं. त्यावरच मी तग धरून होतो म्हणा ना.

आणि गेल्या वर्षी एका संध्याकाळी आई म्हणाली, "त्या मशीनचा आवाज बंद कर बाबा. डोकं उठतं."

मी उडवून लावलं. पण तिने आठ दिवस तोच घोषा लावला. शेजारच्यांचा टीव्ही चालतो, खालचं वेल्डिंग चालतं, फक्त माझाच आवाज नको! मी चांगलाच भडकलो. "मग काम काय तोंडाने करू?" असंही बोललो. राग पंख्याचा नव्हता. माझं बाहेर जाणं बंद होणार याचा होता, आणि ते बोलायची सोय नव्हती.

एका मित्राला यातलं कळतं. तो म्हणाला, "पंखाच काढ ना यार. मोठा हीटसिंक लाव, एकदम झकास." रविवारी येऊन त्याने ते बसवलंही. तांब्याच्या नळ्यांवर ओवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा वीतभर उंच मनोरा. प्रोसेसरची उष्णता नळ्यांतून पत्र्यांत चढते, तिथली हवा गरम होऊन आपोआप वर जाते, खालून दुसरी येते. फिरणारं काही नाहीच. फक्त हवेला वाट मोकळी पाहिजे. म्हणून त्याने टेबल भिंतीपासून पुढे ओढलं, कॉम्प्युटरचा डबा दोन लाकडी पट्ट्यांवर चढवला, वरचं झाकण काढून जाळी लावली आणि मला दम दिला, "याच्यावर टॉवेलसुद्धा वाळत घालायचा नाही." प्रोसेसर फार तापू नये म्हणून त्याचा वेगही उतरवून ठेवला.

बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. हिरवा दिवा बघून खात्री करावी लागली.

"चालू केलास?" आईने विचारलं.

"चालूच आहे."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खरंच तिचा चेहरा सैल झाला. माझा आवळला.

तासाभराच्या चित्राला आता तीन तास लागायला लागले. देवनारच्या कचराडेपोकडून धूर आला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मग खोली तापते, पडद्यावरचा तापमानाचा आकडा नव्वदीकडे सरकतो आणि प्रोसेसर आणखी मंदावतो. फारच तापला तर मशीन बंद पडून केलेलं सगळं पाण्यात. म्हणजे आकड्यावर नजर ठेवून बसा. आणि "आहेस ना रे?" पुन्हा सुरू, दिवसभर. त्या शांततेत आईचा श्वास ऐकू यायचा, बांगडी पलंगाला लागलेली ऐकू यायची. मला त्या खोलीचा राग यायला लागला. खरं सांगायचं तर आईचाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी ती घोरत होती. आकडा ब्याऐंशीवर स्थिर होता. मी चपला हातात घेतल्या, पाय न वाजवता दारापर्यंत गेलो, बाहेर पडलो आणि दार लोटायला लागलो.

"लॅच लावून जा," आई म्हणाली.

मी तसाच उभा. "तू जागी आहेस?"

"उघडं नको टाकूस, एवढंच."

मी आत आलो आणि पलंगावर तिच्या पायाशी बसलो. "आधीही कळायचं तुला?"

"न कळायला काय झालं? मशीन ओरडायचं, पण खुर्ची वाजायची नाही. आणि तू अर्धा तास खोकल्याशिवाय राहतोस होय?"

"मग आवाज का बंद करायला लावलास? मी जातो म्हणून?"

"एकदा कोणीतरी आत आलं होतं. त्या घुरघुरीत पावलं कळलीच नाहीत. जवळ आल्यावर अंगाचा वास आला, तुझा नव्हता. मी विचारलं, कोण आहे? कोणी बोललं नाही. मग ते तिथेच उभं आहे की गेलं, काही ऐकू येईना. मी तशीच पडून राहिले. तू येऊन पाणी प्यायलास, तेव्हा कळलं की आता तू आहेस."

घरातून कधीच काही गेलं नव्हतं, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. "अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू जाणं बंद केलं असतंस."

त्या दिवशी मी गेलो नाही. हल्ली मी सांगून जातो. "जाऊन येतो गं." ती म्हणते, "जा, सावकाश ये." लॅचचा खटका मी मुद्दाम मोठ्याने वाजवतो. दोन पायऱ्या उतरतो आणि जिन्यात उभा राहतो. पुढे पाय निघत नाही. पाच मिनिटांनी किल्ली फिरवून परत आत.

"एवढ्यात आलास?" ती विचारते.

"बाहेर ऊन फार आहे," मी सांगतो. काल हे सांगितलं तेव्हा खिडकीबाहेर पूर्ण अंधार पडला होता. आईने चेहरा खिडकीकडे वळवला.