बाबांचे पोल आणि जाहिरातीतली ओळ

जाहिरातीत मागितलेलं सगळं मला येत होतं, एक ओळ सोडून. माणसं सांभाळणं, ठेकेदाराच्या मागे लागणं, साइटवर माल वेळेवर पोचवणं, हे सगळं मी अमरावतीत पाण्याच्या टाक्या बांधणाऱ्या एका कंत्राटदाराकडे अर्धं आयुष्य केलं होतं. शेवटची ओळ मात्र अशी होती, की अमुक सॉफ्टवेअरचा पाच वर्षांचा अनुभव आवश्यक. त्या सॉफ्टवेअरचं नावसुद्धा मी तिथेच पहिल्यांदा वाचलं. अकोल्याची कंपनी होती, डाळमिलमध्ये कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी बसवून देणारी. त्यांना प्रोजेक्ट मॅनेजर पाहिजे होता. माझ्या कंत्राटदाराने धंदा गुंडाळला होता, आणि बाबांना सोडून पुण्याला जायची माझी तयारी नव्हती. म्हणजे मिळाली तर हीच नोकरी.

बायको म्हणाली, "अर्ज तर करा. फार तर नाही म्हणतील."

"अन् समोर बसवून विचारलं तर? काय तोंड दाखवू?"

मला नकाराची भीती नव्हती, हसं व्हायची होती. आमच्याकडे कोणी 'येते का?' विचारलं आणि येत नसलं, की माणूस 'नाही येत' म्हणतो आणि गप्प बसतो. त्याउपर एक शब्द जास्त बोलला, की त्याला फेकणं म्हणतात. मी पण तसलाच. म्हणून ठरवलं, आधी शिकायचं, मग ताठ मानेने अर्ज करायचा. केवढी अक्कल!

त्या सॉफ्टवेअरचा क्लास अमरावतीत नव्हता. अकोल्याला होता, तोही फक्त रविवारी. सकाळच्या एसटीने जायचं, मूर्तिजापूरला गाडी थांबली की चहा घ्यायचा, आणि दिवसभर विशीतल्या पोरापोरींमध्ये अंग चोरून बसायचं. मास्तर माझ्याहून निम्म्या वयाचा होता. तो मला 'अंकल' म्हणायचा आणि मग ओशाळून 'सर' म्हणायचा.

नेमका रविवार बाबांनी मागितला होता.

बाबा विजेच्या खात्यात लाइनमन होते. मी शाळेत जायच्याही आधी त्यांची बदली मेळघाटात झाली होती, आणि सेमाडोहच्या अलीकडे, डोंगरावरच्या एका कोरकू गावात पहिली वीज त्यांच्या गँगने नेली होती. घरी कोणी पाहुणा आला आणि तासाभरात उठला नाही, की ही गोष्ट त्याला ऐकावीच लागायची. आता त्यांना काचबिंदू झाला होता. बाजूचं दिसायचं बंद झालं होतं, नाकासमोरचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की गेलेली नजर परत येत नसते, आहे ती किती टिकेल तेही सांगता येत नाही. बाबांना कोणी सांगितलं नव्हतं, पण ते काय लहान होते!

एक दिवस जेवताना म्हणाले, "माहे पोल पाह्याले जाऊ एखाद्या रविवारी. सागाले फुलोरा आला असन आता."

"जाऊ ना बाबा. एवढा क्लास होऊ द्या."

"किती दिवसाचा हाय?"

"झालाच समजा."

पुढच्या रविवारी मी बूट घालत होतो तर ते पायजमा-सदरा घालून, टोपी चढवून दारात बसलेले. मी म्हणालो, "बाबा, आज नाही, आज क्लास हाये." ते म्हणाले, "हाव, हाव, मले मालूम हाय. मी तं असाच बसून राह्यलो." आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी एसटी चुकेल म्हणून पळालो.

सागाचा फुलोरा गेला. ती जाहिरात पेपरात पुन्हा आली, दिवाळीच्या आधी आणखी एकदा आली. शब्दन् शब्द तोच, शेवटची ओळही तीच. मला वाटायचं, माझं नशीब थोर, जागा माझ्यासाठी थांबली आहे. बाबा आधी महिन्याला एकदा विचारायचे, मग विचारेनासे झाले. मला तेव्हा बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं.

थंडीत एका सकाळी बाबांनी चहाचा कप धरायला हात पुढे केला आणि कप एकीकडे, हात एकीकडे. चहा सगळा चादरीवर सांडला. बायको धावली. बाबा तिला शांतपणे म्हणाले, "पोरी, लाइट गेली का?" बाहेर ऊन पडलं होतं. डॉक्टरांनी थेंब दिले, गोळ्या दिल्या, पण दोन्ही डोळे गेले ते गेलेच.

त्यानंतर मी क्लासला गेलो नाही. शिकणं अर्धवट राहिलं. बायकोनेच माझा अर्ज पाठवून दिला, मला न विचारता, आणि अकोल्याहून बोलावणं आलं.

मालक साठीचे, साधे, टेबलावर डाळीचे नमुने पसरलेले. मी बसल्या बसल्याच सांगून टाकलं, "ते सॉफ्टवेअर मला नाही येत." आणि सवयीने गप्प बसलो.

ते म्हणाले, "ते राहू द्या. मला हे सांगा. मिलवाला म्हणते, सीझन चालू हाय, मी मिल बंद करत नाही. आमची मशीन गोदामात पडून हाय. तुमी काय करसान?"

माझ्या टाक्यांच्या साइटवरचं काही आठवलंच नाही. तोंडात आले ते बाबांचे पोल. मी सांगितलं, की लोखंडी पोल डोंगरावर माणसांच्या खांद्यावरून न्यायचे होते आणि गावातलं एकही माणूस यायला तयार नव्हतं, कारण पेरणीचे दिवस होते. साहेब खालून ओरडत होते. माझ्या वडिलांनी गँगला दोन दिवस पोलांना हात लावू दिला नाही, सगळ्यांना घेऊन गावाच्या पेरणीवर गेले. पेरणी उरकली आणि तिसऱ्या दिवशी अख्खं गाव पोल न्यायला उभं राहिलं. "तर मी आधी मिलवाल्याचं काय अडलं आहे ते पाहीन," मी म्हणालो, "मग आपली मशीन."

मालक हसले. पगाराचं बोलून झालं, कधीपासून येता ते ठरलं. उठताना मी विचारलं, "पण ते सॉफ्टवेअर?"

"पोरं हायेत ना त्याच्यासाठी. ती ओळ आमच्या पुण्याच्या सल्लागारानं टाकली होती. जाहिरात पहिल्यांदा आली तवाच याले पाह्यजे होतं तुमी. आमी तवापासून माणूस शोधून राह्यलो."

मी 'हो' म्हणालो आणि बाहेर आलो. बसस्टँडपर्यंत पायी गेलो. नोकरी लागली होती आणि मला रडू येत होतं. ज्या गोष्टीवर नोकरी मिळाली ती मला लहानपणापासून तोंडपाठ होती, आणि जी कोणी विचारली नाही ती शिकायला मी बाबांचे सगळे रविवार घालवले. पहिल्याच जाहिरातीला अर्ज केला असता, तर फुलोऱ्यातच आम्ही जाऊन आलो असतो.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते खूश झाले, शेजाऱ्यांना हाका मारून सांगितलं. मी म्हणालो, "बाबा, या रविवारी आपण तुमचे पोल पाहायला जाऊ." बोलून गेल्यावर कळलं काय बोललो ते. ते म्हणाले, "हाव, जाऊ ना."

भाड्याची गाडी करून गेलो. परतवाड्याच्या पुढे घाट लागला तसे ते खिडकीकडे तोंड करून बसले. गावाखाली गाडी थांबवली. सागाची पानं झडून गेली होती, त्यामुळे तारा लांबपर्यंत दिसत होत्या. बरेच पोल बदलून सिमेंटचे केले होते, काही लोखंडी राहिले होते. त्यातल्या एकाजवळ मी बाबांना हात धरून नेलं आणि त्यांचा तळवा त्यावर टेकवला. त्यांनी तो हात पुरेल तिथपासून खालपर्यंत चाचपला, वाकून बुडाशी हात फिरवला. "हा माहाच हाय," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "बाबा, चुकलं माझं. तुमाले एकदा पाह्याचे होते अन् मी..."

"मले काय पाह्याचे राह्यले बे?" ते म्हणाले. "मीच गाडले ते. मले तं तुले दाखवाचे होते. कोणता कोठून वर नेला, कोणत्या खड्ड्यात खडक लागला, कोठी बसून आमी भाकर खाल्ली."

"मंग सांगा ना. कोणीकडून नेला पयला?"

बाबांनी दाखवायला हात उचलला. तो थोडा डावीकडे नेला, मग उजवीकडे, क्षणभर तसाच धरून ठेवला, आणि खाली घेतला.